भूमिका करणे आणि भूमिका घेणे

१

मराठी नाट्यसमीक्षेने नाटककाराचा विचार भरपूर केला, दिग्दर्शकाचा केला, पुढे प्रेक्षकाचाही केला. नटाचा विचार मात्र तिने बहुतेक वेळा त्याच्या कौशल्यापुरताच केला. आवाज कसा लागला, हालचाली कशा होत्या, पात्रात तो किती शिरला, एवढे सांगून समीक्षक थांबतो. प्रयोग संपल्यावर तोंडाचा रंग पुसून तो नट ज्या घरी, ज्या वस्तीत परत जातो तेथे त्याचे काय होते, हा प्रश्न समीक्षेचा मानला गेला नाही. तो चरित्राचा, फार तर गप्पांचा विषय समजला गेला.

माझे म्हणणे असे की, दलित रंगभूमीपुरते तरी हा प्रश्न समीक्षेच्या मध्यभागी आणल्याशिवाय गत्यंतर नाही. 'नाटकाने मला घडवले' हे वाक्य नामवंत नटांच्या आठवणींत नेहमी भेटते. आमच्या महाविद्यालयांत सांस्कृतिक विभागाच्या बैठकांतही ते 'व्यक्तिमत्त्व विकास' ह्या नावाने फिरत असते. मुलगा नाटकात काम करू लागला की त्याची भीड चेपते, वाणी सुधारते, चारचौघांत बोलता येते, असे आम्ही प्राध्यापक सांगतो. ते खोटे नाही. पण अर्धे आहे. कोणत्या नाटकाने, कोणाला, आणि कशासाठी घडवले, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. रंगमंचाने माणसे घडवली तशी मोडलीही आहेत, आणि ज्यांना मोडले त्यांच्या जाती तपासल्या तर त्यात योगायोग फार थोडा आढळतो.

आपल्या भाषेत 'भूमिका' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. नाटकात भूमिका करतात, आणि एखाद्या प्रश्नावर भूमिका घेतात. प्रस्थापित रंगभूमीने ह्या दोन क्रिया वेगळ्या ठेवल्या. नटाने भूमिका करावी. भूमिका घ्यायची की नाही हे त्याचे खाजगी. आंबेडकरी चळवळीतून आलेल्या रंगभूमीने त्या एकत्र आणल्या. करणाऱ्याने घेतलीही पाहिजे, असा तिचा आग्रह होता. रंगभूमीतील सहभागाने माणसाचे आयुष्य कसे वळते, ह्याचे उत्तर मला ह्या एकत्र येण्यात सापडते.

२

गावगाड्यात दलिताला भूमिका मिळत नव्हती असे नाही. उलट ती जन्मतःच मिळालेली असे आणि बदलण्याची सोय नसे. हातात काठी, खांद्यावर घोंगडी हा वेष ठरलेला. 'जोहार मायबाप' हे वाक्य ठरलेले. कोणत्या वाटेने यायचे, कोठे थांबायचे, कोणापुढे किती वाकायचे, हेही ठरलेले. मयताचा सांगावा न्यायचा, मेलेले ढोर ओढायचे, दुसऱ्याच्या लग्नात हलगी वाजवायची. पोतराजाने अंगावर आसूड ओढून घेत दारोदार हिंडायचे, आणि पाहणाऱ्याने सुपातले दाणे टाकून आपण धार्मिक असल्याचे समाधान मिळवायचे. ह्या नाटकाची संहिता धर्मशास्त्रात होती, प्रेक्षक गावात होता, आणि नटाला रंगमंच सोडून जाण्याची मुभा नव्हती. सोडून गेला तर बहिष्कार.

तमाशाकडे मी ह्याच संदर्भात पाहते. तमाशा ही बहुजनांची अस्सल कला आहे, तिच्यातील हजरजबाबीपणा आणि लय ही आपली मिरास आहे, हे सर्व मान्य. पण फडावर उभे राहणारे हात-पाय बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी ह्या जातींचे होते, ही गोष्ट कलेच्या कौतुकात हरवू देता कामा नये. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) ह्या बाईला राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. प्रयोग चालू असताना कनातीमागे बाळंत होऊन त्या पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही हकिकत आपल्याकडे कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला ती ऐकताना वेगळाच प्रश्न पडतो. ज्या प्रेक्षकाला त्या बाईची अवस्था दिसत होती, त्याने खेळ थांबवा असे का म्हटले नाही? तिकिटाच्या पैशात त्याने नेमके काय विकत घेतले होते? त्याच विठाबाईंना अखेरच्या दिवसांत औषधपाण्यासाठी लोकांच्या मदतीची वाट पाहावी लागली. शासनाने २००६ पासून त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तो त्यांच्या मृत्यूनंतर.

किशोर शांताबाई काळे ह्यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकाची चर्चा बहुधा मुलाच्या शिक्षणाच्या अंगाने झाली. मुलगा शिकून डॉक्टर झाला ह्याचे कौतुक झाले. मी ते शांताबाईंच्या बाजूने वाचते. ह्या मुलीला शिकायचे होते, शिक्षिका व्हायचे होते. घरच्या पुरुषांनी तिला शाळेतून काढून बोर्डावर उभी केली, कारण तिच्या नाचण्यावर घर बसून खाणार होते. रंगमंचातील सहभागाने आयुष्य घडते असे म्हणणाऱ्याने ह्या मुलीच्या पुढे उभे राहून ते वाक्य उच्चारून पाहावे.

१९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाच्या निधीसाठी पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले होते आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही घटना नोंदलेली आहे. आपल्या समाजातील स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा चळवळीला नको, हे त्यामागचे कारण. पैशाची चणचण असलेल्या माणसाने घेतलेला तो निर्णय होता. कलेचा तो द्वेष नव्हता, कारण त्याच बाबासाहेबांच्या चळवळीत जलसे वाढले. त्या नकारातला प्रश्न असा होता की, बाई फडावर उभी आहे ती स्वतःच्या इच्छेने की जातीच्या नेमणुकीने? हाच प्रश्न मी आपल्या नाट्यविचाराचा पहिला प्रश्न मानते.

३

ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर जोतीराव फुल्यांनी १८५५ सालीच देऊन ठेवले होते. त्यांचे 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले, आणि ते छापून वाचकांच्या हाती येण्यास १९७९ साल उजाडले. मराठी नाटकाचा इतिहास दुसऱ्यांच्या नावाने सुरू करण्याची सवय आपल्याला लागली, ती ह्या सव्वाशे वर्षांत. त्या नाटकात जोशी एका गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून नवरा-बायकोला नागवतो. पण त्या काळातील नाटकांसारखा शेवट तेथे देवाच्या कृपेने होत नाही. ते जोडपे जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत शिकायला जायचे ठरवते. म्हणजे पात्रे रंगमंचावरून निघतात ती थेट पुण्यातल्या एका खऱ्या शाळेच्या दिशेने. नाटकातून बाहेर पडण्याची वाट नाटककाराने नाटकातच दाखवून ठेवली होती.

सत्यशोधक जलशांनी आणि त्यानंतर आंबेडकरी जलशांनी ती वाट रुंद केली. जलशाने तमाशाचा सांगाडा घेतला: गण, गवळण, बतावणी, वग. पण आतला जीव बदलला. देवस्तवनाची जागा चळवळीने घेतली, कृष्णलीलेच्या जागी शिक्षणाचे, मृतमांस सोडण्याचे, दारू सोडण्याचे, गावकीची कामे नाकारण्याचे संवाद आले. महाड आले, १९३० साली सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह आला, पुणे करार आला. हे सर्व आपल्या अभ्यासकांनी मांडले आहे. स्वतः जलसाकार असलेल्या भीमराव कर्डकांनी १९७८ साली जलशांवर लिहिलेले पुस्तक तर आपल्यापाशी आहेच. ह्या चर्चेत जलशाने लोकांना काय दिले ते सांगितले जाते. जलशाने जलसाकाराला काय केले, हे सांगायचे राहून जाते.

ते असे घडले असले पाहिजे. दिवसभर मजुरी, रात्री तालीम. बतावणीत एकाने शंका विचारायची, दुसऱ्याने उत्तर द्यायचे. उत्तर देणाऱ्याला उत्तर माहीत असावे लागते. 'बहिष्कृत भारत' १९२७ साली निघाले, 'जनता' १९३० साली. ज्याला अक्षर येत होते त्याने ते मोठ्याने वाचायचे आणि ज्याला येत नव्हते त्याने ते पाठ करायचे. अशी ती तालीम म्हणजे एक रात्रीची शाळाच होती. पण ह्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. जलशाचा प्रेक्षक हा अनोळखी नव्हता. तो शेजारचा होता, सोयरा होता, सकाळी त्याच पाणवठ्यावर भेटणारा होता. ज्याने रात्री मृतमांस सोडा म्हणून लोकांना हसवले आणि रडवले, त्याने सकाळी पाटलाच्या गोठ्यातले मेलेले जनावर ओढायला जावे कसे? गेला असता तर वस्तीतल्या पोरांनीच त्याला रात्रीचे वाक्य ऐकवले असते. व्यावसायिक नाटकात नटाचे वाक्य पडद्याबरोबर संपते. जलशात ते वाक्य दुसऱ्या दिवशी नटाच्या मागे लागत असे. रंगमंचावर उच्चारलेला शब्द हा चारचौघांत केलेला वायदा होऊन बसे. करणे आणि घेणे ह्यांमधले अंतर अशा रीतीने एका रात्रीत मिटत होते. नटाचे आयुष्य वळते ते ह्या जागी. केवळ भीड चेपल्याने नव्हे.

अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) ह्यांचे उदाहरण ह्याच जातकुळीचे आहे. वाटेगावच्या मांगवाड्यातला हा मुलगा शाळेत दीड दिवस गेला. नात्यातल्या माणसाच्या तमाशाच्या फडात वावरला, मुंबईत गिरणीत राबला, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कामगार चळवळीत शिरला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर ह्यांच्याबरोबर त्याने लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाचा फड त्याला जातीने दिला होता. कलापथक त्याने स्वतः घडवले. कला तीच, गळा तोच, डफ तोच. पण पहिल्या ठिकाणी तो जातीने नेमलेला होता आणि दुसऱ्या ठिकाणी तो लिहिणारा, ठरवणारा झाला. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन ह्याच माणसाने केले. दीड दिवसाच्या शाळेपासून तेथपर्यंतची वाट कलापथकाच्या फळ्यांवरून गेलेली आहे, हे आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाने नीट लिहायला हवे.

४

आता एक अडचणीची गोष्ट. आंबेडकरी जलशात स्त्रियांची कामे पुरुष करीत. तमाशातील बाईच्या शोषणाशी नाते तोडायचे होते, त्यामुळे बाईच फडावर नको, असा तो उपाय झाला. त्या काळात तो समजण्यासारखा होता. पण परिणाम असा की, रंगमंचावरून माणूस होण्याची जी संधी पुरुषाला मिळाली ती स्त्रीला मिळाली नाही. ती प्रेक्षकात बसली.

वास्तविक चळवळीच्या इतर जागी ती पुढे होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, अस्पृश्यपणाची खूण पटवणारी लुगडे नेसण्याची रीत आणि ते जड दागिने सोडून द्या. बायकांनी तेथल्या तेथे नेसण बदलली. जातीने दिलेला वेष उतरवून स्वतः निवडलेला वेष घालण्याइतके मोठे नाट्य मराठी रंगभूमीवर त्या वर्षी दुसरे झाले नसेल. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. व्यासपीठावरून भाषण करणारी बाई चालत होती. जलशात बाईचेच काम करणारी बाई चालत नव्हती. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली आणले, तेव्हा ह्या बायकांची नावे छापील पानावर आली. रंगमंचावर त्या कधी आल्या, ह्याचा इतिहास अजून लिहायचा आहे.

येथे मला स्वतःबद्दल थोडे सांगावे लागेल. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. महाविद्यालयात असताना तीन वर्षे युवक महोत्सवाच्या एकांकिकांत मी काम केले. पहिल्या वर्षी मोलकरीण, दुसऱ्या वर्षी भाजीवाली, तिसऱ्या वर्षी पुन्हा मोलकरीण. नायिकेची, डॉक्टरची, प्राध्यापिकेची कामे ज्या मुलींना मिळत त्यांच्या आडनावांकडे पाहिले की पात्रवाटपाचे तत्त्व कळत असे. तुझी भाषा ह्या कामाला अगदी नैसर्गिक आहे, असे बसवणाऱ्यांनी मला सांगितले, आणि ते कौतुक म्हणूनच सांगितले. मला त्या कामांसाठी प्रशस्तिपत्रेही मिळाली. माझी भीड चेपली, आवाज सुटला, व्यक्तिमत्त्वाचा विकास म्हणतात तो झाला. पण गावगाड्याने माझ्या आजीला जी भूमिका दिली होती तीच मी विद्यापीठाच्या रंगमंचावर चांगल्या उच्चारांत करीत होते.

त्याच सुमारास आमच्या वस्तीत ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर एकपात्री करायचे ठरले. सुषमा देशपांडे ह्यांच्या १९८९ सालच्या 'व्हय, मी सावित्रीबाई' ह्या प्रयोगानंतर महाराष्ट्रात किती शाळा-वस्त्यांतील मुलींनी सावित्रीबाई उभी केली, ह्याची मोजदाद करणे अवघड आहे. आम्ही मात्र आमचेच लिहून काढले, आमच्याच बोलीत. आईचे लुगडे, विहाराच्या ओट्यावर दोन बल्ब, आणि समोर खाली बसलेल्या बायका. प्रयोग बरा झाला असेल. त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. सांगण्यासारखे आहे ते दुसऱ्या दिवसाचे. सकाळी सकाळी एक म्हातारी रेशनकार्ड घेऊन दारात आली. त्यात एक नाव कमी का झाले ते वाचून सांग म्हणाली. मग कोणी बँकेचे पुस्तक आणले, कोणी पोराचा शाळेचा दाखला. आदल्या दिवशीपर्यंत ह्या बायका मला घरच्या नावाने हाक मारीत होत्या. त्या दिवसापासून त्यातल्या कितीतरी जणी मला 'बाई' म्हणू लागल्या. मराठीत शिक्षिकेला बाई म्हणतात. माझी पदवी व्हायची होती, नेमणूक तर फार पुढे. पण वस्तीने मला आधीच ते काम सोपवून टाकले. मला मागे फिरायची सोय उरली नाही.

युवक महोत्सवातील तीन वर्षे आणि वस्तीतली ती एक संध्याकाळ ह्यांची मी अनेकदा तुलना करते. कौशल्य पहिल्या ठिकाणी जास्त मिळाले, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. आयुष्य वळले ते दुसऱ्या ठिकाणी. कारण तेथे काम कोणी द्यायचे हे आम्ही ठरवले होते, आणि प्रेक्षक दुसऱ्या दिवशी भेटणारा होता.

५

दलित नाटकावरचा सर्वात जुना आक्षेप म्हणजे ते प्रचारी आहे. हा आक्षेप घेणारा संहिता हातात घेतो, पात्रे एकांगी आहेत, संवाद भाषणासारखे आहेत असे दाखवतो, आणि निकाल देतो. कित्येकदा त्याची निरीक्षणे बरोबरही असतात. कच्च्या नाटकाला केवळ ते आपले आहे म्हणून चांगले म्हणण्याची गरज नाही. पण नाटक कोणासाठी लिहिले गेले, ह्या प्रश्नात 'पाहणाऱ्यासाठी' असे एकच उत्तर त्याने गृहीत धरलेले असते. नाटक करणाऱ्यासाठीही असते, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

म. भि. चिटणीस ह्यांचे 'युगयात्रा' घ्या. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. १९५५ साली तेथे बाबासाहेबांच्या समोर हे नाटक झाले, आणि पुढच्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी अफाट जनसमुदायापुढे झाले. वेगवेगळ्या युगांतील अस्पृश्याची अवस्था एका सूत्रात ओवणारे हे नाटक. नाट्यतंत्राच्या पट्ट्या लावून कोणी त्यात उणिवा दाखवू शकेल. पण खेड्यातून वसतिगृहात आलेल्या, घरात पहिल्यांदाच पुस्तक धरलेल्या मुलाने स्वतःच्या समाजाचा हजारो वर्षांचा इतिहास पाठ करून, उभे राहून, पहिल्या पुरुषात उच्चारणे, ह्याचे मोल कोणत्या पट्टीने मोजणार? वर्गात इतिहास त्याला कळला असता. रंगमंचावर त्याला तो स्वतःच्या तोंडाने म्हणावा लागला. ह्या दोहोंत फार फरक आहे. ज्या संस्थेने शिकवायला वर्ग दिला तिनेच रंगमंचही दिला, ही गोष्ट आजच्या शिक्षणसंस्था चालवणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. पुण्यात १९७९ साली टेक्सास गायकवाड प्रभृतींनी दलित रंगभूमी ही संस्था उभी केली. प्रेमानंद गज्वी ह्यांच्या 'घोटभर पाणी' ह्या एकांकिकेला नेपथ्याचा बडेजाव लागत नव्हता. म्हणूनच ती स्पर्धांपासून गावच्या चावडीपर्यंत कोठेही उभी राहू शकली. रुस्तुम अचलखांब ह्यांनी 'गावकी' हे आत्मकथन लिहिले आणि विद्यापीठात नाट्यशास्त्रही शिकवले. गावकीतून आलेला माणूस अभिनयाचा आचार्य झाला. दत्ता भगत ह्यांच्या 'वाटा पळवाटा'त तीन पिढ्या समोरासमोर येतात: बाबासाहेबांबरोबर चाललेले काका, संतापलेला तरुण अर्जुन आणि मधला प्राध्यापक सतीश. हे नाटक आमच्या विद्यार्थ्यांकडून वाचून घेताना सतीशचे काम कोणी करायचे ह्यावर वाद होतो. अर्जुन सगळ्यांना हवा असतो. सतीश कोणाला नको असतो, कारण पुढे आपण तोच होणार आहोत हे त्यांना ठाऊक असते. मी ते काम मुद्दाम सर्वांना आळीपाळीने वाचायला लावते. वाचून झाल्यावर ती मुले माझ्याकडे ज्या नजरेने पाहतात, ती मला शिक्षक म्हणून उपयोगी पडते.

२०१२ साली आलेल्या 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' ह्या नाटकाची संकल्पना शाहीर संभाजी भगत ह्यांची, लेखन जालना जिल्ह्यातील राजकुमार तांगडे ह्यांचे, दिग्दर्शन नंदू माधव ह्यांचे. त्यात काम करणारी मंडळी जालन्याकडच्या शेतकरी-कष्टकरी घरांतली. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांनी त्यांची बोली तिकीट काढून ऐकली. मला मोलकरणीच्या कामासाठी 'नैसर्गिक' ठरलेली भाषा तेथे शिवाजीची, यमाची आणि वादविवादाची भाषा झाली होती. बोलीला वरची भूमिका मिळाली की ती बोलणाऱ्या माणसाचा कणाही ताठ होतो.

६

एवढे सांगून थांबले तर लेख आनंदाने संपेल. पण आपल्यापुढे विलास घोगरे ह्यांचे नावही आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. त्यानंतर काही दिवसांतच ह्या शाहिराने आपल्या झोपडीत जीवन संपवले. आनंद पटवर्धन ह्यांच्या 'जय भीम कॉम्रेड' ह्या चित्रपटामुळे त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकता येतो. ज्या गळ्याने हजारोंना उभे केले त्याला शेवटी आधाराला कोण होते, हा प्रश्न कोणा एका संघटनेला विचारण्याचा नाही. तो आपल्या सर्वांचा आहे. अण्णा भाऊ गोरेगावला हलाखीत गेले, विठाबाई उपेक्षेत गेल्या. एकजण चळवळीचा, एकजण फडाची. दोघांच्या भूमिकांत जमीन-अस्मानाचे अंतर. अखेर मात्र सारखीच. ह्याचा अर्थ असा की, माणसाला घडवणे येथवर आपल्याला जमले आहे. घडलेल्या माणसाला सांभाळणे जमलेले नाही.

माझ्या महाविद्यालयातला एक प्रसंग सांगते. पाण्याच्या प्रश्नावर मुलांनी पथनाट्य बसवले. त्यात एका मुलाला स्वतःची जात मोठ्याने सांगण्याचे वाक्य होते. वाक्य त्याने स्वतःच लिहिले होते. प्रयोग बसस्थानकासमोर झाला. पाहणाऱ्यांत तो ज्या खोलीत भाड्याने राहत होता त्या घरचा माणूस होता. खोली घेताना मुलाने जात सांगितली नव्हती. आपल्यापैकी कितीजण सांगतात? इतरांनी ते वाक्य नाटकातले म्हणून ऐकले, घरमालकाने खरे म्हणून ऐकले. आठ दिवसांत खोली सोडावी लागली. आता ह्या मुलाचे व्यक्तिमत्त्व नाटकाने विकसित केले की त्याला रस्त्यावर आणले? दोन्ही खरे आहे. पथकातल्या मुलांनी त्याच रात्री त्याचे सामान आपल्या खोलीत हलवले, सहा जणांत सातवा झाला, वर्षभर तेथेच राहिला आणि परीक्षा दिली. वाक्य बदलायचे का, असे मी त्याला विचारले होते. तो नाही म्हणाला. पुढच्या प्रत्येक प्रयोगात ते वाक्य होते, आणि पुढच्या खोलीचा शोध घेताना त्याने जात आधी सांगितली. दोन ठिकाणी नकार मिळाला, तिसऱ्या ठिकाणी खोली मिळाली. पथकाने हात दिला नसता तर तोच मुलगा ते वाक्य गिळून बसला असता आणि नाटकाचे नावही त्याने पुन्हा काढले नसते.

म्हणून कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक ह्यांना माझी विनंती आहे की, ह्यापुढे आपल्या नाटकाचा विचार करताना संहिता आणि प्रयोग ह्यांच्या बरोबरीने तीन गोष्टी तपासाव्यात. भूमिका कोणी दिली आणि ती नाकारता येत होती का? प्रेक्षक असा होता का की ज्याला दुसऱ्या दिवशी तोंड द्यावे लागते? आणि त्या दुसऱ्या दिवशी नटाच्या पाठीशी कोण उभे होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'जातीने' असे असेल, तर प्रयोग कितीही देखणा असो, त्याला घडवणे म्हणू नये. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असे असेल, तर ती करमणूक झाली. तिलाही जगात जागा आहे, पण तिच्याकडून परिवर्तनाची अपेक्षा करू नये. तिसऱ्याचे उत्तर 'कोणी नाही' असे असेल, तर दोष नाटकाचा नाही, तो आपला आहे.

महाविद्यालयात पात्रवाटपाच्या वेळी कोणत्या मुलीला मोलकरीण मिळते, ह्याकडे शिक्षकाने लक्ष ठेवावे. जयंतीच्या मंडळांनी ध्वनिक्षेपकाच्या भाड्यातले थोडे पैसे बाजूला काढून तालमीला जागा आणि तालमीनंतर जेवण द्यावे. वस्तीतल्या म्हाताऱ्या शाहिरांना माळ घालून परत पाठवण्यापेक्षा त्यांच्याकडून जलशाच्या बतावण्या उतरवून घ्याव्यात आणि त्याचा मोबदला द्यावा. ही कामे लहान आहेत आणि ह्या उन्हाळ्यातही करता येतील.

जोतीरावांच्या नाटकातले कुणबी जोडपे शेवटी शाळेकडे निघते, तेव्हा तेथे शाळा खरोखरच चालू असते, दिवा लावलेला असतो, शिकवणारा बसलेला असतो. नाटककाराने पात्रांना कोठे पाठवायचे ह्याची सोय आधी करून मग नाटक लिहिले होते. आपण नाटके पुष्कळ लिहितो आहोत. ती सोय किती ठिकाणी केली आहे, ते एकदा मोजायला हवे.